चित्राला तिथी लागते

गोरेगावात कुणालाही विचारा, "तुमच्या घरात चित्र आहे का?" माणूस आधी भिंतीकडे बघतो. कृषी सेवा केंद्राचं कॅलेंडर, हार घातलेला आजोबांचा फोटो, कुणीतरी आग्र्याहून आणलेला चमकीचा ताजमहाल. "हे काय, आहे की." असं म्हणताना त्याच्या पायाशी उंबऱ्यावर सकाळची रांगोळी असते, देव्हाऱ्यावर जिवतीचा कागद असतो आणि दारात बांधलेल्या बैलाच्या शिंगांना गेल्या पोळ्याचा रंग असतो. त्यातलं काहीही तो मोजत नाही.

हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं हे आमचं गाव. मी चित्रकला शिकवत आलो आणि सुट्ट्यांमध्ये दुकानांचे बोर्ड, ट्रॉल्या, देवळांच्या कमानी रंगवत आलो. तेव्हाच्या औरंगाबादेत ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका करताना चित्राला चौकट लागते हे पक्कं शिकलो होतो. गावात राहून कळलं की इथल्या चित्राला चौकटीच्या आधी तिथी लागते. कुणी चित्र काढावंसं वाटलं म्हणून काढत नाही. दिवस आला म्हणून काढतं. त्या अनुभवाचे हे बोल. क्रम मला आठवला तसा आहे.

१. चित्र बदललं असं वाटलं की आधी खालची जमीन बघावी.

पहाटे सडा टाकून अंगण अर्धवट ओलं असताना जी बाई रांगोळी घालायला बसते, तिला पार्श्वभूमी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. शेणसड्यानं जमीन गडद होते. शिरगोळ्याची पांढरी भुकटी तिच्यावर झळकते, ओलीला धरून राहते, वाऱ्यानं उडत नाही. मग अंगणात सिमेंट आलं, फरशी आली. राखाडीवर पांढरी रेघ मरते आणि गुळगुळीत फरशीवर भुकटी टिकत नाही. म्हणून रंग आले, छापाच्या चाळण्या आल्या आणि शेवटी प्लास्टिकचं स्टिकर आलं. बायकांना आता वेळ नाही, आवड नाही, असं पुरुष सांगत फिरतात. मला ते पटत नाही. जिथं जिथं ओट्यावर गेरूचा एक चौकोन रंगवून ठेवलाय, तिथं रोज सकाळी ठिपके पडतात. जमीन मिळाली की हात चालतो.

स्टिकरचा दोष सांगायचा तर त्याला तिथी नाही. दिवाळीला चिकटवलेलं होळीलाही तिथंच असतं, कडा उचललेलं. रांगोळी ओलांडताना आमच्याकडे लहान पोरही पाय लांब टाकतं. स्टिकरवर सगळे चपला घालून उभे राहतात.

२. चित्राचा दर्जा वेगळा आणि चित्राचं काम वेगळं.

श्रावण लागला की वाण्याकडे जिवतीचा कागद येतो. पातळ कागद, ओबडधोबड छपाई, लाल रंग रेघेच्या बाहेर सरकलेला. वर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मग लेकरांच्या गराड्यात जरा-जिवंतिका, आणि हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. मी हा कागद वर्गात नेला असता आणि एखाद्या मुलानं तसं रंगकाम केलं असतं, तर मी त्याला परत करायला लावलं असतं.

पण श्रावणातल्या शुक्रवारी त्याच कागदाला आघाड्याची आणि दुर्वांची माळ चढते. आई लेकरांना ओवाळते. पुण्याच्या कंपनीत लागलेला मुलगा समोर नसतो, मग त्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकते. त्या क्षणी वाघाचा रंग कुठं सांडलाय हे कुणी बघत नाही, बघूही नये. हा कागद सुबक करून छापावा असा विचार मी कधी मनात आणला नाही. सुबक झाला तर लोक तो वर्षभर ठेवतील, आणि वर्षभर ठेवला की श्रावणात काय लावणार?

३. डोळ्याला वळण लावणारे दूरचे असतात.

नाक-डोळे असलेली, साडी नेसलेली, कमळात उभी लक्ष्मी गरिबाच्या भिंतीवर आली ती छापखान्यामुळे. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा हा छापखाना निघाला. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याआधी सामान्यांच्या देव्हाऱ्यात टाक असत आणि शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड. मग मराठी घरांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर आले: दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, पुस्तकांची वेष्टनं. दोघेही मूळचे गोव्याचे. एस. एम. पंडित मात्र गुलबर्ग्याचे, म्हणजे आमच्यासारखेच निजामाच्या मुलखातले. पण त्यांचे देव आणि योद्धे पिळदार दंडांचे, सिनेमाच्या पोस्टरवरून उतरल्यासारखे. त्यांच्या चित्रांत मराठवाडा शोधू नये.

याचा परिणाम मी वर्गात बघितला. एलिमेंटरी ग्रेड परीक्षेच्या तयारीत स्मरणचित्राला 'आमचे गाव' दिलं की अर्ध्या वर्गात उतरत्या छपराची झोपडी येते, शेजारी नदी, नदीकाठी वाकलेली नारळाची झाडं. आमच्या शिवारात बाभळी, काळी माती, माळवदाची आणि टिनाची घरं, सोयाबीनच्या सुड्या, हळद शिजवायच्या कढया. नारळ फक्त देवळाच्या पायरीवर फुटलेला. एका मुलीला विचारलं, "हे झाड कुठं बघितलंस?"

ती म्हणाली, "चित्रात असतंच की सर."

तिचं उत्तर बरोबर होतं. तिनं जी चित्रं पाहिली त्यांत ते झाड होतंच. कोकण-गोव्याच्या मातीतले दोन मोठे चित्रकार घरोघर पोचले आणि मराठी मनातलं 'गाव' समुद्राजवळ जाऊन बसलं. यात त्यांचा दोष काही नाही. माळवदाचं घर कॅलेंडरवर आणणारा कुणी तितक्या ताकदीचा निघाला नाही, एवढंच. त्या वर्षापासून मी 'आमचे गाव' हा विषय द्यायचा बंद केला आणि 'आमच्या घराचं छप्पर' असा द्यायला लागलो. नारळ लगेच कमी झाले.

४. तारखा संपल्या तरी देव उरतो.

३१ डिसेंबरला कॅलेंडर रद्द होतं, पण त्यावरच्या दत्ताला रद्द कोण करणार? तारखांचा भाग कापून वरचा देव चौकटीत बसतो, नाहीतर मारुतीच्या देवळात खिळ्याला जातो, नाहीतर पिंपळाच्या पारावर फुटक्या तसबिरींच्या शेजारी. १९७३ साली निघालेल्या 'कालनिर्णय'नं ही अडचण एका अर्थी सोडवली: सगळी भिंत तारखेलाच देऊन टाकली, पाठीमागे पाककृती छापल्या. ते वर्षाअखेरीस रद्दीत घालताना हात थरथरत नाही.

५. पोळा हे आमचं वार्षिक प्रदर्शन.

श्रावण अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं, त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं, शिंगं साळणं, हिंगूळ, बेगड, गोंडे, घागरमाळ, बाशिंग, झूल. एवढी यादी शहरातल्या लेखातही वाचायला मिळते. मला सांगायचंय ते बैलाच्या अंगावरच्या कामाबद्दल, कारण तिथं शेतकऱ्याची नजर कळते.

लाल कंधारी बैलाच्या तांबड्या अंगावर गेरू दिसतच नाही. तिथं चुन्याची बोटं उमटवतात. देवणी बैल असेल तर तो कोणता हे आधी बघतात. बाळंक्या म्हणजे सगळा पांढरा. त्याच्यावर गेरूत बुडवलेली वाटी, पेला, बांगडी टेकवून वर्तुळं उठवायची, मधे लेकरांच्या पंजांचे ठसे. वानेऱ्याचं तोंड काळं, म्हणून त्याच्या कपाळावर बाशिंग जेवढं उठतं तेवढं दुसऱ्या कुणाच्याच नाही. त्याच्या पाठीवर जास्त काही करू नये. आणि शेवेरा, ज्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके मुळातच विखुरलेले, तो आला की जाणता माणूस हात आवरतो. नवखा तिथंही वर्तुळं उठवतो आणि सगळा बैल गढूळ करून टाकतो. ज्यांनी आयुष्यात चित्रकलेचा तास बघितला नाही असे लोक हे सगळं एकमेकांना सांगत असतात, तेही शिव्या घालत. रंगसंगतीवर एवढी कळकळीची चर्चा मी कॉलेजातही ऐकली नव्हती.

आता बैल कमी झाले. वेशीत तोरणाखाली बैलांच्या रांगेमागे ट्रॅक्टर उभे राहतात, त्यांनाही झेंडूच्या माळा, बोनेटवर बाशिंग. यावर हसणारे बरेच आहेत. मी हसत नाही. ज्यानं वर्षभर ओढलं त्याला त्या दिवशी नटवायचं, हाच पोळ्याचा कायदा. त्या कायद्यात ट्रॅक्टर बसतो. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मोर, गरुड, "आई-वडिलांचा आशीर्वाद" हे मी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात जितकं रंगवतो तितकं इतर सगळ्या वर्षात रंगवत नाही. ते काम दसऱ्याला ढकललेलं कुणाला चालत नाही.

एक सूचना तेवढी. शिंगांना ऑइल पेंट लावू नका असं पशुवैद्यक सांगत असतात, कारण तो शिंगाच्या मुळाशी कातडीला त्रास देतो. पोळ्याच्या सकाळी माझ्याकडे उरलेला डबा मागायला येणाऱ्यांना मी डबा देत नाही, गेरूची पुडी देतो. ते नाराज होतात. होऊ देत.

६. गोंदणाला पुसायची सोयच नाही.

जत्रेत हातावर तुळस, विंचू, नवऱ्याचं नाव गोंदून घेतलेल्या आज्या अजून गावात आहेत. दागिने लोक काढून घेतात, वर सोबत येतं ते गोंदणच, असं त्या सांगतात. बाकी सगळी चित्रं दिवसाची, हे एकच जन्माचं.

७. डोळे कुठून बघितले जाणार, हे रंगवायच्या आधी विचारावं.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठेवर जेवण, मुळावर निरोप. मराठवाड्यात हा सण ज्या जोरात होतो त्याची कल्पना बाहेरच्यांना नसते. सासरी-माहेरी गेलेली सगळी माणसं त्या जेवणाला घरी येतात. त्याच्या आधी काही दिवस जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेले मुखवटे माझ्याकडे यायला लागतात. पितळी मुखवट्याचं फारसं काम नसतं. शाडूचे, मातीचे जे जुने असतात त्यांचा रंग उडालेला असतो.

"सर, डोळे तेवढे उजळून द्या," एवढीच मागणी. ती दिसते तेवढी साधी नाही. बुबुळ डोळ्याच्या मधोमध ठेवलं आणि चारी बाजूंनी पांढरं दिसू लागलं की देवी दचकल्यासारखी होते. बुबुळाची वरची कड पापणीखाली थोडी झाकली की तीच शांतपणे बघायला लागते. बघायचं कुठं, हे पुढचं. काम झाल्यावर मी थोरली आणि धाकटी असे दोन्ही मुखवटे टेबलावर ठेवून दाखवले, तेव्हा एका आजींनी ते तिथं बघायला नकार दिला. त्यांनी ते सुनेला देवी बसते त्या कोठीएवढ्या उंचीवर धरायला लावले आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसल्या, नैवेद्य वाढताना बसतात तशा. मग म्हणाल्या, "थोरली आता बघायली माझ्याकडं. धाकटी अजून दाराकडंच बघायली."

धाकटीचं बुबुळ मी किंचित खाली आणलं. आजींना नवं काही नको होतं; त्यांच्या सासूच्या काळी देवी जशी बघायची तशीच हवी होती. फोटो नव्हता, नमुना नव्हता, फक्त त्यांची आठवण. कॉलेजात आम्ही चित्र किती अंतरावरून बघावं ते शिकलो. किती उंचीवरून, कुठलं काम करताना बघितलं जाणार, ते तिथं कुणी सांगितलं नव्हतं.

८. साध्या मालाला हसू नये.

शाळेची सहल अजिंठ्याला गेली की पोरं पहिल्यांदा दमतात, मग अंधारात ढकलाढकली करतात, मग पद्मपाणीसमोर गाईड सांगतो म्हणून गप्प उभी राहतात. एकदा एक मुलगी चित्राकडे न बघता गिलाव्याच्या फुटलेल्या कडेकडे बघत राहिली. म्हणाली, "सर, ह्याच्यात भुसा हाय."

तिनं नेमकं तेच बघितलं होतं जे पुष्कळ पर्यटक बघत नाहीत. अजिंठ्याची भिंत म्हणजे खडबडीत ठेवलेल्या कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे तंतू. वरून चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळा तेवढा लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानाकडून आलेला. आमच्या आज्या पांढऱ्या मातीनं भिंती पोतारायच्या आणि खालचा पट्टा गेरूनं ओढायच्या, त्यांचं सामान याहून फार निराळं नव्हतं. हात निराळे होते, हे खरं.

त्याच लेण्यात उलटा धडाही आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९२० च्या सुमारास हैदराबाद सरकारनं इटलीहून लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी जागच्या जागी बसवला, त्यासाठी त्यांचे उपकारच मानायला हवेत. पण चित्रांवर चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडत गेला आणि तो उतरवण्याचं काम पुरातत्त्व खात्याला पुढची कितीतरी वर्षं पुरलं. भुशामातीनं शतकानुशतकं टिकवलेलं वार्निशनं झाकोळलं. अजिंठा हा माझ्या तिथीच्या बोलण्याला अपवाद आहे. तो टिकायलाच काढला होता.

टिकायचा विचारही मनात नसलेलं शिल्प बघायचं तर दिवाळीत आमच्या गल्ल्यांमधून फिरावं. मुली अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. डोक्यावर घागर घेतलेली, जातं दळणारी, मधे पेंद्या, कडेला शेणाचाच डोंगर. डोळ्यांना ज्वारीचे दाणे, डोक्यात झेंडूची पाकळी. अंगठ्याच्या एका दाबानं कंबर, दोन चिमट्यांत हात. शाडू मातीचे कितीतरी तास घेऊनही जे येत नाही ते इथं येतं, कारण इथं मार्क नाहीत. अडचण आहे ती वेगळीच: गोठे रिकामे होत चाललेत. एका घरी मी आईला लेकीसाठी दुसऱ्या गल्लीतून शेण उसनं आणताना बघितलं.

९. दुसऱ्याचं चित्र उसनं घेताना त्याची तिथी विसरू नये.

शाळांच्या बोलक्या भिंतींवर हल्ली सगळीकडे वारली. त्रिकोणाची माणसं, तारप्याभोवती फेर. दिसायला छान, काढायला सोपं वाटतं, साहेब तपासणीला आले की खूश होतात. पण पालघरकडे वारली घरात मूळ चित्र निघतं ते लग्नाच्या वेळी. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी लग्नचौक लिहितात, चौकात पालघट देवी असते, आणि तो चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर, लग्नाच्या बाहेर आणलं आणि जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर आणणं हे मोठ्या कलावंताचं काम होतं. कागदावरून सगळ्या तालुक्याच्या शौचालयांवर आणणं हे त्याहून फार सोपं काम.

माझं म्हणणं एवढंच की उसनवारी करण्याआधी आपल्या वेशीबाहेर तरी बघावं. आमच्या आसपास बंजारा तांडे आहेत. तांड्यावरच्या एका आजीला मी वर्गात बोलावलं, तिचा जुना फेटिया आणि कांचळी, म्हणजे घागरा-चोळी घेऊन. आरसे, कवड्या, टाक्यांचे चौकोन, लालाशेजारी निळा, मधे पिवळ्याची बारीक धार. मुलांनी तो तास नुसते टाके मोजण्यात घालवला. पुढच्या वेळी संकल्पचित्राचा पेपर आला, तेव्हा त्यांच्या कोपऱ्यांत कवड्या होत्या. आजीनं मात्र मला एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर द्यायला मला जमलं नाही: "हे कागदावर काढून नेसणार कोण?"

१०. फ्लेक्सला शिव्या देऊन पेंटरचं पोट भरत नाही.

बोर्डाचं काम म्हणजे खडूच्या दोरीनं वरची-खालची रेघ झटकायची, शिरोरेषा ओढायची, मग अक्षर. 'किराणा'मधला 'कि' दुकानाच्या रुंदीत बसवायला डोकं लागतं. वेलांटी लांबवायची की आखडायची हे भिंत ठरवते. त्यामुळे गावातल्या दोन दुकानांचा 'श्री' कधी सारखा नसे. 'देवी रोगी कळवा' पासून कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणापर्यंत सरकारही आमच्याच ब्रशानं बोलत होतं. आता अक्षरं संगणकातून येतात. मला त्यात राग येत नाही, कारण संगणकावर सरकारी मराठी ज्या 'मंगल' अक्षरांत आपण वाचतो ती र. कृ. जोशींसारख्या अक्षरांवर जीव टाकणाऱ्या माणसानं घडवलीत. कंटाळा येतो तो सगळ्या बोर्डांची लांबी-रुंदी वेगळी असून अक्षर एकच असल्याचा.

तिथीच्या हिशेबानं बघितलं तर फ्लेक्सइतकी पक्की तिथी कुणालाच नाही. वाढदिवस, निवड, दहावीचे टक्के, दशक्रिया. अडचण दिवस उलटल्यावर सुरू होते. फ्लेक्स पुसता येत नाही, विसर्जित करता येत नाही, देवळात ठेवता येत नाही. म्हणून शेतकऱ्यानं त्याला काम लावलं. सोयाबीन काढलं की सुडी झाकायला, हळद वाळत घातली की वर टाकायला, गोठ्याला आडोसा म्हणून. अवकाळीचं आभाळ भरून आलं की शिवारात जागोजागी भावी आमदार सोयाबीनवर उताणे पडलेले दिसतात, चारी कोपऱ्यांवर दगड. निवडणुकीत जेवढं वाकले नसतील तेवढे इथं कामाला येतात.

११. समीक्षक वेशीवर बसलेले असतात.

शहरात चित्राबद्दल बोलायला लोक कचरतात, आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणतात. आमच्याकडे ही भीती नाही, कारण इथं बघणाऱ्याला रंगापेक्षा वस्तूची माहिती जास्त असते. बियाण्याच्या एका कॅलेंडरवर नांगर धरलेला शेतकरी होता, मागे सूर्योदय, फेटा कडक. आमचे एक आबा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कासरा कुठंय? बैलाला सांगणार कोण वळ म्हणून? आन् हा रुमणं धरायलाय का फोटो काढून घ्यायलाय?" बायका देवीच्या चित्रातला साडीचा काठ बघतात. निऱ्या कुठून सुटल्या हे कळलं नाही तर देवी त्यांच्या मनातून उतरते. सुतार मखराचे सांधे बघतो. औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेरच्या शिल्पांच्या ओळीपुढे मी एका गवंड्याला तासभर उभा बघितलाय. मूर्तींकडे त्याचं लक्ष नव्हतं, चुना न घालता दगडावर दगड कसा बसवला तेवढंच तो बोटानं चाचपत होता.

सध्या पोळ्याच्या आधी मारुतीच्या देवळाची बाजूची भिंत रंगवायचं काम माझ्याकडे आहे. गावकऱ्यांनी बैलजोडी सांगितली. मी कोळशानं आकार काढायला घेतला तेवढ्यात पारावरून विचारणा झाली, वानेरा कोणत्या अंगाला घेणार? एक पार्टी म्हणते डावीकडे, कारण त्यांच्या आजोबांच्या जोडीत तो डावीकडे चालायचा. दुसरी म्हणते, उजवीकडून ऊन येतं, काळं तोंड तिकडंच पाहिजे, नाहीतर दिसणार नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं आणि हे बोलून दाखवल्यावर दोन्ही बाजू माझ्यावर चिडल्या. चहा तीनदा झालाय. बाळंक्या रंगवून झाला, त्याच्या अंगावरची गेरूची वर्तुळंसुद्धा. जूही ओढून ठेवलंय. भांडण मिटेपर्यंत भिंतीवर एकच बैल आहे, आणि अमावस्या काही पुढे ढकलता येत नाही.